दाराखालची चार बोटं

प्रिय बाळा,

काल फोन ठेवताना तुझा आवाज बारीक झाला होता. पिल्लूला धपाटा घातलास, तो हुंदके देत देत झोपला आणि तू रात्रभर जागा होतास, हे सगळं एका वाक्यात सांगून तू लगेच दुसऱ्याच विषयावर गेलास. मीही काही बोलले नाही कारण जे बोलायचं होतं ते फोनवर मला जमलंच नसतं. म्हणून टाइप करतेय, लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी माझं सांगते. तू साडेतीन वर्षांचा असशील. मला ऑफिसला उशीर होत होता आणि तुला बूट स्वतःचे स्वतः घालायचे होते. घातलेस, पण उलटे, डावा उजव्या पायात. मी काढून सरळ घातले तर तू भिरकावून दिलेस आणि जमिनीवर लोळण घेतलीस. मी परत घातले, तू परत काढलेस. तिसऱ्या वेळी माझं डोकंच फिरलं. तुला उचललं, आतल्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली, "गप्प झालास की उघडते" म्हणून. तू कसला गप्प होतोयस. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून तुझी चार बोटं बाहेर आली. नुसती बोटं, फरशीवर वळवळणारी. मी ती बघत उभी राहिले आणि तरी उघडलं नाही, कारण आत्ता उघडलं तर पोरगा डोक्यावर बसेल असं मला येणाजाणाऱ्या प्रत्येकाने सांगून ठेवलेलं. पाचच मिनिटं झाली असतील. मग उघडलं, बूट घातले, निघालो, आणि त्यावर आपण पुन्हा कधी एक अक्षर बोललो नाही.

तुला हे आठवत नसणार. मोठेपणी तीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ कोणालाच आठवत नाही, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचंही तुटक तुटकच राहतं. याचा मला बरीच वर्षं फार आधार वाटायचा, खोटं कशाला बोलू. पण प्रसंग विसरला तरी रडल्यावर कोणी येतं की नाही याचा अंदाज लेकरू बांधतच असतं ना, तो तसा थोडाच पुसला जातो.

रिटायर झाल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय (तुझे बाबा म्हणतात आता परीक्षा आहे का तुझी). एक गोष्ट वाचून मी खरंच थांबले. बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. मला वाटलं म्हणजे झालाच की तयार! तर तसं नाही. आकार वाढला तरी आतली वायरिंग चालूच असते, आधी भरमसाट जोडण्या होतात, मग वापरात नसलेल्या छाटल्या जातात आणि वापरातल्या पक्क्या होतात, आणि कपाळामागचा जो भाग "थांब, आधी विचार कर" म्हणतो ना, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्याचं काम सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास संपतं. उलट भीती-धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग पहिल्यापासून कामावर हजर. म्हणजे घंटा जोरात आणि ती बंद करणारा अजून ट्रेनिंगमध्ये.

काल तू म्हणालास, "आई, त्याला सगळं कळतं गं, मुद्दाम करतो." कळतं हे खरंय. पण कळणं वेगळं आणि हात आवरता येणं वेगळं. मागे तो इथे आला होता तेव्हा "टीव्हीला हात नाई लावायचा" असं मोठ्याने म्हणत म्हणत टीव्हीला हात लावत होता, आठवतंय? आपण हसलो होतो. या वयाच्या मुलांबरोबर संशोधक एक पत्त्यांचा खेळ खेळतात. आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायचे, मग मध्येच सांगायचं की आता आकाराप्रमाणे लाव. तीन वर्षांच्या मुलाला विचारलं तर नवा नियम तो बरोबर सांगतो, आणि हात मात्र रंगाप्रमाणेच लावत राहतो. पाचेक वर्षांची मुलं बहुतेक जमवतात. मधल्या त्या दोन वर्षांनाच आपण हट्टी, आगाऊ, डांबरट म्हणतो.

आता तू म्हणशील मग काय, हट्ट पुरवत बसायचे? अजिबात नाही. मोबाइल नाही म्हटलं की नाही. चोवीस तास गोड आवाजात बोलणारे ते व्हिडिओवाले आईबाप बघून तर मलाच चिडचिड होते. फक्त तो थयथयाट करत असताना भाषण देऊ नकोस, तेव्हा त्याला ऐकूच जात नाही. बाजूला जमिनीवर बस, "राग आलाय ना, मी इथेच आहे" एवढं म्हण, बाकीचं तो शांत झाल्यावर. आणि झोप बघ त्याची. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दहा ते तेरा तास लागते असं डॉक्टर मंडळी सांगतात, तुमच्याकडे साडेदहाला दिवे चालू असतात. तुझी पण झोप बघ, अर्धवट झोपलेल्या मोठ्या माणसाच्या कपाळामागेही फारसं कोणी हजर नसतं.

पण मला मुख्य हे सांगायचं होतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक प्रयोग मांडला. आई बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार करते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, मग तोंड फिरवून घेतं, रडतं. बघवत नाही. पण मग आई परत बोलायला लागते आणि थोडं रुसून का होईना बाळ परत येतं. त्यांनीच पुढे दाखवलं की चांगल्या चाललेल्या आईबाळाचे सूरसुद्धा तीसेक टक्के वेळच जुळलेले असतात, बाकी वेळ चुकणं आणि परत जुळवणं चालू. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. बोटं दिसत होती तेव्हाचं सोड, पण नंतर तरी, संध्याकाळी तरी, मी तुला जवळ घेऊन काही बोलायला हवं होतं. ते मी केलंच नाही. आईने मुलाला सॉरी म्हणायचं असतं हे डोक्यातच नव्हतं.

तर आज तू बोल त्याच्याशी. मोठं काही नको. "काल बाबाने मारलं. मारायला नको होतं. बाबाचं चुकलं." बस. तो कदाचित ऐकून न ऐकल्यासारखं करेल, गाडी चालवत राहील, तरी बोल.

आणि तू लहानपणी विचारायचास ना, आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून ही चार भोकं कसली? मी म्हणायचे, असंच काहीतरी होतं. तिथे ती कडी होती. त्याच रविवारी मी ती स्क्रू काढून फेकून दिली. तुला सांगायला मात्र इतकी वर्षं लागली. सॉरी बाळा.

तुझी,
आई