काका, एक वाटी सापडली

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही "चहा घे आणि पळ" म्हणता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. रागवू नका.

देपालपूरकडच्या आमच्या शेतात लसूण काढताना आईचं मंगळसूत्र वाढलं. काळे मणी काळ्या मातीत गेले, त्यांचा नाद आम्ही त्याच संध्याकाळी सोडला. पण दोन्ही वाट्याही गेल्या होत्या, आणि जेवता जेवता आईचा हात सारखा गळ्याशी जायचा. मी घाईघाईत एक स्वस्त मेटल डिटेक्टर मागवला. शेतात नेला की तो पावलापावलाला ओरडायचा, जणू वावरभर सोनंच पेरलंय.

रामबागेत तुमच्याकडे तक्रार घेऊन आले, तर तुम्ही यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलंत आणि माझ्या पिशवीतल्या कोरड्या मातीतून फिरवलंत. त्याला काळ्या कणांची दाढी फुटली. "माळव्याची माती म्हणजे झिजलेला लाव्हा. तुझं यंत्र बिचारं मातीलाच धातू समजतंय."

मग माळ्यावरून तुमचं स्वतः बनवलेलं, पल्स इंडक्शन पद्धतीच्या डिटेक्टरचं धूड खाली आलं. प्लास्टिकच्या पाइपचा दांडा, खाली थाळीएवढी कॉइल, कमरेला १२ व्होल्टची बॅटरी. घंटेवर टोला मारायचा आणि मग कान द्यायचा, असं तुम्ही समजावलंत. कॉइलमधून विजेचा झटका जातो आणि एकदम तोडला जातो, सेकंदाला शेकडो वेळा. मातीतले लोहाचे कण झटका थांबताच बहुतेक गप्प होतात. धातूत मात्र भोवऱ्यासारखे प्रवाह क्षणभर फिरत राहतात, ते ऐकायचे. जाड तांब्याचा तुकडा बराच वेळ बोलतो, पातळ सोनं काही मायक्रोसेकंदांतच विझतं. उशिरा ऐकलं तर वाटी गप्प झालेली असते. फार लवकर ऐकलं तर कॉइलचीच थरथर थांबलेली नसते आणि मातीही कुजबुजायला लागते. झटक्यानंतर कान द्यायची वेळ १५ मायक्रोसेकंदांवरून १० वर आणायला तुम्ही दोन संध्याकाळी डॅम्पिंगचा, म्हणजे ती थरथर शमवणारा, रेझिस्टर बदलत बसलात. आणि झटका तोडणाऱ्या, जेल रोडवरून आणलेल्या मॉसफेटचे पैसे अजून घेतलेले नाहीत!

माझ्या गळ्यातली बारीक साखळी तुम्ही कॉइलखाली धरायला लावलीत. आवाज नाही. मला धक्काच बसला. अंगठी धरली, तर लगेच कुईं. "साखळीची कडी न् कडी सुटी, प्रवाहाला फिरायला जागा कुठाय? अंगठी म्हणजे अख्खा रस्ता. तू वाट्याच शोध."

पुढचे तीन रविवार तुमच्या अंगणात गेले. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी अंगठ्यावर दाबून तुम्ही इवल्या वाट्या केल्यात आणि मातीच्या कुंड्यांत पुरल्यात. मी शोधायच्या. हेडफोनमधली यंत्राची गुणगुण जेमतेम ऐकू येईल एवढीच ठेवायची, कॉइल जमिनीला समांतर, हात सावकाश, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत. माझ्या बांगड्या तर पहिल्याच दिवशी तुमच्या फळीवर गेल्या. खिळा की सोनं हे हे यंत्र सांगत नाही, म्हणून वाजलं की खणायचं, कुरकुर न करता.

शेतावर यायला मात्र तुम्ही साफ नकार दिलात. तेव्हा वाईट वाटलं, खरं सांगते. "मी आलो तर तू आवाज ऐकायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघशील," म्हणालात. पहिल्या तासात मी चार वेळा मागे वळून पाहिलं, तेव्हा पटलं.

विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चालू असल्या की हेडफोनमध्ये नुसती घरघर. शेताची लाइट गेली की आमचं काम सुरू. खिळे निघाले, विळ्याचं टोक निघालं, गुटख्याची पाकिटं तर किती! बांधावरून विचारणा झालीच, होळकरांचं धन निघालं का म्हणून. तुम्ही सांगितलेला १८७८ चा कायदा ऐकवला, की गुप्तधन दहा रुपयांच्या वरचं निघालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्यावर सगळे हसले आणि पांगले.

दुसऱ्या रविवारी, ऊन चढल्यावर, गुणगुण केसभर वर सरकली. आडवं फिरवलं, उभं फिरवलं, तिथंच. चार बोटं खाली एक ढेकूळ होतं. ते हातात चुरलं, तर आत वाटी, मातीनं गच्च भरलेली, काठाला लसणाची साल चिकटलेली.

दुसरी अजून नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, तोवर यंत्र माझ्याकडेच राहू द्या. बॅटरी चार्ज करून ठेवली आहे.

आईनं वाटी पदरानं पुसली, उजेडात धरली आणि म्हणाली, "ही माहेरची." कशावरून, विचारलं. तर काठावरचा पोचा दाखवून म्हणाली, "दात येत होते तेव्हा तूच चावली होतीस."

तुमची,
कुंड्या उकरणारी शिष्या
इंदूर