छायाचित्रण उत्तम, पण म्हणजे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतली सिनेमाची परीक्षणं मी नेमाने वाचतो, पण स्टोरी झाली, अ‍ॅक्टिंग झाली, गाणी झाली की शेवटी ‘छायाचित्रण उत्तम’ एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. उत्तम म्हणजे काय, तो प्रकाश, ते रंग, ती मांडणी आली कुठून हे कोणी लिहीतच नाही. निदान नाशिकच्या पेपरात तरी ते यायला पाहिजे, कारण दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे आणि सिनेमाच्या आधी ते चित्रकला शिकलेले होते.

जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, आणि पुढे लोणावळ्याजवळच्या राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं काम. म्हणजे घराघरात लागलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी जिथे छापल्या जायच्या, तिथलं ब्लॉक आणि लिथोचं (दगडावरून छपाईचं) काम या माणसाने स्वतः केलेलं. आता १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ बघा, त्याची काही रिळं अजून शिल्लक आहेत, इंटरनेटवर सापडतात. सुरुवातीला राजा रोहिदासाला धनुष्यबाण चालवायला शिकवतोय, तारामती शेजारी आहे, कॅमेरा एका जागी ठाम, आणि माणसं अशी उभी केलीत की फ्रेम थांबवली तर रविवर्म्याची तसबीरच वाटावी. लोकांना देव, राजे, राण्या कशा दिसतात हे त्या तसबिरींनी आधीच शिकवून ठेवलं होतं, आणि पडद्यावर तेच चेहरे हलायला लागले, म्हणून पब्लिकला ते लगेच आपले वाटले असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरला सिनेमे काढणारे बाबूराव पेंटर, यांचं तर नावातच पेंटर. नाटकाचे पडदे रंगवायचे, मग चुलतभाऊ आनंदरावांसोबत कॅमेरा बनवायच्या मागे लागले, आनंदराव मध्येच गेले तरी बाबूरावांनी तो कॅमेरा पूर्ण केला. सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवायचे, कपडे आणि सेट आधी कागदावर काढायचे. व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले. नंतर ‘कागज के फूल’चं कलादिग्दर्शन केलं ते एम. आर. आचरेकरही मुळात चित्रकारच. ही सगळी आपलीच माणसं आणि आपण त्यांच्या चित्रकलेबद्दल बोलतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाहेरच्या लोकांना हे उघड सांगण्यात अभिमान वाटतो. दिग्दर्शक कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’ सिनेमात (१९७५) अठराव्या शतकातल्या इंग्लिश चित्रांसारखा लूक पाहिजे होता, तर रात्रीचे काही सीन नुसत्या मेणबत्त्यांवर शूट केले, त्यासाठी नासासाठी बनवलेली झाइस कंपनीची, अगदी कमी उजेडातही चित्र टिपणारी f/०.७ ची लेन्स मिळवली. हिचकॉकच्या ‘सायको’मधलं ते भयाण घर अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या १९२५ च्या चित्रातल्या रेल्वेलाइनजवळच्या घराशी ताडून बघा. आणि रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावावरून आलेला ‘रेम्ब्रांट लायटिंग’ हा शब्द तर आज लग्नाचे फोटोग्राफरही बोलताना वापरतात. एका बाजूने थोडा वरून लाइट, दुसरा गाल अंधारात, आणि त्या अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटासा त्रिकोण.

आमच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात कॉलेजची पोरं शॉर्ट फिल्म करत होती, चांगली मेहनती पोरं, पण चार एलईडी लावून सगळी खोली पांढरीफटक केलेली. शेजारी राहणारे एक निवृत्त ड्रॉइंग सर आले, त्यांनी सगळे लाइट बंद करायला लावले, मोबाइलवर डच चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र दाखवलं आणि आजीचं काम करणाऱ्या बाईंना सरळ खिडकीपाशी बसवलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्यांच्या सुरकुत्या, हातातलं पितळी भांडं, मागच्या भिंतीचे पोपडे सगळं दिसायला लागलं. पोरं एकदम गप्प झाली आणि पुढचा सगळा सीन त्यांनी तसाच केला. हे त्यांना आधी कोणी दाखवलंच नव्हतं, लूक म्हणजे एडिटिंगला लावायचा फिल्टर एवढंच त्यांना माहीत.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे एक भिंत अशी करावी की एका बाजूला चित्र आणि शेजारी सिनेमातली फ्रेम, खाली दोन ओळी मराठीत. शाळांच्या सहली तिकडे येतात, पोरांना आपोआप कळेल. आणि तुम्ही पुरवणीत महिन्यातून एकदा तरी असं एक चित्र आणि एक फ्रेम शेजारीशेजारी छापून त्यावर कोणा चित्रकाराकडून लिहून घ्या, नाशिकमध्ये चांगल्या चित्रकारांची कमी नाही. सुरुवात रविवर्मा आणि ‘हरिश्चंद्र’पासून करा, पण चित्र रंगीत पानावर आणि मोठं छापा, तिकिटाएवढं छापलं तर त्यातला प्रकाश दिसणार नाही.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक