बाई, त्या बेवारस पानासाठी

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात प्रबंध विद्यापीठात जमा केला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, आणि ती मला टोचत राहिली. म्हणून हे पत्र. नाव लिहिलेलं तुम्हांला आवडणार नाही. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसणारे आम्ही सगळे तुम्हांला बाईच म्हणतो, तेच इथेही.

ती शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, पोथी मी पहिल्यांदा मागितली तेव्हा तिला ना पहिलं पान होतं, ना शेवटचं. शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची मी पालथी घातली होती. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं त्या माणसाने नोंदवून ठेवली आहेत, पण नावच माहीत नसेल तर शोधायचं कशाखाली? अक्षराच्या वळणावरून मी १८८५च्या आसपासचा अंदाज बांधला होता आणि त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

तुम्ही पोथी खिडकीपाशी नेलीत, शेवटची पानं एकेक करून उजेडात धरलीत. "भोक बघ," म्हणालात. कसरीने पाडलेलं ते भोक पानागणिक जरा जरा डावीकडे सरकत होतं. म्हणजे हरवलेल्या पानावर ते कुठे असणार, हे सांगता येत होतं! मग तुम्ही कपाटातून ते जाडजूड पाकीट काढलंत, ज्यावर तुमच्या अक्षरात 'बेवारस पानं' असं लिहिलंय. फळ्या झाडताना, बांधणी उसवताना सापडलेलं प्रत्येक सुटं पान त्यात होतं, आणि प्रत्येकाला चिठ्ठी: कुठल्या कपाटात, कधी मिळालं. दुसऱ्या कुणी ती केराच्या टोपलीत टाकली असती.

तीन दुपारी आपण पानं लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी एक बसलं. भोक जुळलं, कडेच्या ओलीचा डागही जुळला. खाली लिहिलेलं: पुणे, शके १७७६. तुम्ही तोंडातल्या तोंडात ७८ मिळवलेत आणि १८५४ म्हणालात. १८६७च्या आधीची, म्हणजे दोलामुद्रितच, मराठी छपाई पाळण्यात होती तेव्हाची. माझं प्रकरण कोसळलं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्या आनंदात मी पिशवीतून सेलोटेप काढला. तुम्ही रागावला नाहीत. दुसरं एक पुस्तक आणून दाखवलंत. टेपचा चिकटा तपकिरी होऊन कागदात मुरला होता, आणि टेप निघताना अक्षरं घेऊन गेला होता. मग तुम्ही पान जोडताना मी शेजारी बसून पाहिलं. कुरडयांसाठी काढतो तसा गव्हाचा चीक, शिजवून, गाळून, पातळ केलेला. त्यावर जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, फाडून घेतलेली पट्टी. कापलेली नव्हे, फाडलेली, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि कागदात मिसळून जातात. पाणी लावलं की ही पट्टी परत सुटली पाहिजे, असं तुम्ही सांगितलंत, कारण पुढच्या माणसाकडे याहून चांगली रीत असेल.

एक राहिलंच. तुम्ही मला त्या पोथीचं पान आणि विसाव्या शतकातल्या एका कादंबरीचं पान, दोन्हीला हात लावायला सांगितलं होतंत. पोथीचा हातकागद अजून लवचीक होता. लाकडाच्या लगद्याच्या कागदाचा कोपरा बोटांतच पापडासारखा मोडला. जुनं ते आधी जाईल असं मी धरून चालले होते. त्या दिवसापासून मी पुस्तक उघडताना आधी कागद पाहते.

पुढच्या महिन्यात येतेय. पाकिटात अजून बरीच पानं आहेत, आणि उजेडात कशी धरायची ते आता मला येतं. बुधवारच्या दुपारी त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी