आई-बाबा, छपराचं कोटेशन पक्कं करायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर आपण तिघं एकदम बोलतो आणि मग कुणाचंच पूर्ण होत नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबांचं म्हणणं मेटलचं छप्पर टाकू, एकदाच काय तो खर्च होऊ दे आणि मग वर बघायला नको. आईचं म्हणणं पत्रा नको, पावसात डोक्यावर ढोल वाजल्यासारखं होईल, आत्ता आहेत तसेच डांबरी शिंगल (एकावर एक चढवून खिळ्यांनी मारायचे डांबराचे तुकडे) घाला, आमच्या हयातीपुरते टिकले म्हणजे झालं. आई, ते हयातीपुरतं वगैरे मला अजिबात आवडलं नाही, पण त्यातला मुद्दा मी घेतलाय. छप्पर ५० वर्षं टिकतं का यापेक्षा पुढची २० वर्षं तुम्हाला दोघांना त्याच्याकडे किती कमी लक्ष द्यावं लागेल हे बघायचं.

माझं मत आधीच सांगते. मेटल घालायचं तर स्टँडिंग सीमच घाला, म्हणजे ज्यात पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकीत अडकवतात आणि स्क्रू वर दिसतच नाहीत तो प्रकार. आणि ते पैसे फारच जड वाटत असतील तर चांगले जाड, दोन थरांचे लॅमिनेटेड शिंगल घाला. पण मधला पर्याय म्हणून तो कंत्राटदार जो स्वस्तातला, वरून स्क्रू मारायचा पत्रा दाखवतोय ना, तो नको म्हणजे नकोच.

कारण सांगते. त्या पत्र्यात प्रत्येक स्क्रू म्हणजे आपणच छपराला पाडलेलं भोक, आणि त्यातून पाणी येऊ नये म्हणून खाली एक छोटासा रबरी वॉशर. आपल्या घरावर असे हजारावर स्क्रू लागतील. रबर उन्हाने कडक होतं, चिरतं. त्यात पत्रा रोज तापतो आणि रात्री गार होतो, १० मीटर लांब स्टीलचा पत्रा ५० डिग्रीच्या फरकाला साधारण ६ मिलिमीटर वाढतो, अ‍ॅल्युमिनियम तर त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि स्क्रूने जखडलेला असल्यामुळे त्याला सरकायला जागाच नाही, मग भोकं मोठी होत जातात आणि स्क्रू हळूहळू वर येतात. १०-१५ वर्षांत कुणीतरी वर चढून ते तपासायचे, घट्ट करायचे, बदलायचे. आणि बाबा, तेव्हा माणूस बोलवायच्या ऐवजी तुम्ही स्वतः शिडी काढणार हे मला पक्कं माहितीये, मला ते नकोय. स्टँडिंग सीममध्ये पत्रा आतल्या क्लिपांवर बसतो, त्या क्लिपा त्याला वाढायला-आकसायला जागा देतात आणि छपराच्या मोकळ्या भागावर एकही भोक नसतं. म्हणूनच ते महाग आहे, शिंगलच्या साधारण दुप्पट-तिप्पट जातं, पण ते पैसे नुसते दिसण्याचे नाहीयेत.

आता आई तुझ्या आवाजाचं. तुझ्या डोक्यात शेडवरचा पत्रा आहे, त्याच्या खाली नुसती मोकळी हवा असते म्हणून तो तसा वाजतो. घरावर पत्र्याच्या खाली प्लायवूड, त्यावर वॉटरप्रूफ थर, खाली माळा आणि माळ्यात इन्सुलेशन, एवढं सगळं असल्यावर आत खोलीत शिंगलच्या तुलनेत फारसा फरक कळत नाही. मात्र नुसत्या पट्ट्या मारून त्यावर पत्रा टाकला तर तुझी भीती खरी ठरेल, तेव्हा खाली सलग प्लायवूड राहणार का हे त्या माणसाला स्पष्ट विचारा. आणि विजेचंही तू विचारलं होतंस. धातूच्या छपरामुळे वीज घरावर जास्त पडते असं नसतं, ती बघते उंची आणि आजूबाजूला काय आहे ते, आणि पडलीच तरी पत्रा जळत नाही.

शिंगलला मी वाईट म्हणत नाहीये हं. आत फायबरग्लासची जाळी, तिला डांबर आणि वर खड्यांचा थर, आणि ते खडेच खरं तर उन्हापासून डांबराला वाचवतात. तुमच्या पन्हळीत जी बारीक खडी साठतेय ती हीच, ती निघून गेली की खालचं डांबर सुकतं, कडा वळायला लागतात, म्हणजे आत्ताचे शिंगल खरंच संपलेत, त्यात पॅच मारून काही उपयोग नाही. साधे एका थराचे शिंगल १५-२० वर्षं जातात, लॅमिनेटेड २० ते ३०, उन्हाचा मारा जास्त असेल तर त्याहून कमी. मेटल चांगलं बसवलेलं असेल तर ४० आणि त्याच्याही पुढे. पण शिंगलची एक गोष्ट मला फार पटते, वादळात दोन-चार उडाले तर तेवढेच बदलता येतात आणि ते काम करणारा माणूस कुठेही मिळतो. स्टँडिंग सीमचा पत्रा मधेच खराब झाला तर शेजारचे पत्रे उकलावे लागतात आणि तो जाणकारच लागतो. हे बाबांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

शिंगल उडतात ते बहुतेक वेळा मालामुळे नाही तर खिळ्यामुळे. खिळा ठरलेल्या पट्टीतच बसायला हवा, थोडा वर मारला की खालच्या थराला तो धरतच नाही. जिथे वारं जास्त तिथे प्रत्येक शिंगलला ४ ऐवजी ६ खिळे मारतात, आपल्याकडे ६ च मारायला सांगा. आणि त्यांच्या खाली जी चिकट पट्टी असते ती उन्हाच्या उबेने चिकटते, म्हणून ऐन थंडीत काम काढू नका, तसंच काढावं लागलं तर हाताने सीलंट लावून घ्यायला लागेल.

मागच्या खोलीचं मात्र वेगळं आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे. ती खोली नंतर वाढवली आणि तिचं छप्पर जवळजवळ सपाट आहे. शिंगल हे पाणी उतारावरून ओघळून जाईल या भरवशावर काम करतात, ते काही सीलबंद नसतात. १२ इंचाला ४ इंच उतार असेल तर नेहमीसारखे बसतात, २ ते ४ मध्ये खाली वॉटरप्रूफ थर दुहेरी घालावा लागतो आणि २ च्या खाली शिंगल घालूच नयेत. तिथे इतक्यांदा दुरुस्ती करूनही भिंतीला ओल येते त्याचं कारण मला हेच वाटतं, करणारा दरवेळी नवे शिंगल घालून जातो आणि पाणी परत मागे शिरतं. बाबा, उतार मोजायला वर चढू नका, माळ्यात जाऊन वाशाला लेव्हल लावा, लेव्हल आडवी धरून १२ इंचावर वासा किती खाली जातो ते टेपने बघा. तो आकडा २ च्या खाली आला तर मुख्य घरावर काहीही ठरो, मागच्या खोलीवर दोनदा दुमडून लॉक केलेला स्टँडिंग सीमच घ्यायचा. अशा सीमचे काही प्रकार १२ ला अर्ध्या इंचाच्या उतारावरही चालतात, फक्त कंपनीच्या कागदावर त्यांनी तो उतार मान्य केलेला असला पाहिजे.

पत्र्याचा गेज विचारा, आकडा लहान तेवढा पत्रा जाड, २४ म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर आणि २६ म्हणजे ०.४५ च्या आसपास. स्टँडिंग सीमला मी २४ च म्हणेन, पातळ पत्र्यावर उन्हात लाटा जास्त दिसतात. त्यावर झिंक-अ‍ॅल्युमिनियमचा थर आणि रंग पीव्हीडीएफ नावाच्या टिकाऊ प्लास्टिकचा, तो लवकर फिका पडत नाही. समुद्राजवळ घर असतं तर मी स्टील सोडून अ‍ॅल्युमिनियम घ्या म्हटलं असतं, आपल्याला त्याची गरज नाही. वजनाची चिंता दोन्हीत नाही, शिंगल चौरस मीटरला १०-२० किलो, स्टीलचा पत्रा ५-७ किलो, म्हणजे उलट हलकाच.

आणि जुने शिंगल न काढता त्यावरच पत्रा टाकू, तेवढीच मजुरी वाचेल, असं जे तो म्हणाला त्याला हो म्हणू नका. खालचं प्लायवूड कुठे कुजलंय हे काढल्याशिवाय कळणार कसं? मागच्या खोलीवर तर नक्की कुजलं असणार. त्यावर ४० वर्षांचं छप्पर बसवून काय करायचं.

गळती छपराच्या मधून क्वचितच होते, ती होते चिमणीच्या भोवती, पाइपच्या रबरी कॉलरला, दोन उतार मिळतात त्या घळीत आणि भिंतीला छप्पर टेकतं तिथे. म्हणजे फ्लॅशिंगला, अशा सांध्यांवरून पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना. कोटेशनमध्ये नुसतं 'फ्लॅशिंगसह' असं लिहिलेलं चालणार नाही, नवीन घालणार का जुन्यालाच सीलंट फासणार ते लिहून घ्या. तसंच माळ्याला खालून हवा आत आणि वरून बाहेर जायची सोय राहिली पाहिजे, नाहीतर शिंगल खालून भाजतात आणि पत्र्याच्या खाली बाष्प धरतं, मग पाणी बाहेरून न येताही लाकूड ओलं होतं.

वॉरंटीच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. ती मालाची असते, वर्षागणिक भरपाई कमी होत जाते आणि बसवण्यात चूक निघाली तर कंपनी हात वर करते. बसवणाऱ्याची स्वतःची कामाची हमी किती वर्षांची आणि ती लेखी देतो का, मला त्यात जास्त रस आहे. गारांचं विचारायचं तर शिंगल असो वा पत्रा, क्लास ४ चा, म्हणजे माराला टिकण्याच्या सगळ्यात वरच्या दर्जाचा मागा, त्या चाचणीत २ इंची स्टीलचा गोळा २० फुटांवरून टाकून बघतात. पत्र्याला पोचे येऊ शकतात, गळत नाही, पण नुसत्या पोच्यांचे पैसे विमा देतो का हे पॉलिसीत बघायला हवं, मला तिचा फोटो पाठवा, मी वाचते.

पैशाचं म्हणाल तर फरकाची रक्कम मी आणि दादा घालतो, आमचं बोलणं झालंय, त्यावर वाद नको. रात्री जोराचा पाऊस लागला की मला इकडे झोप लागत नाही, मागच्या खोलीत बादली ठेवलीय का, आई ओल्या फरशीवरून चालली असेल का हेच डोक्यात येत राहतं.

तेव्हा आधी माळ्यातलं माप घ्या, मग त्या माणसाकडून दोन वेगळी कोटेशनं मागा, एक सगळ्या घराला स्टँडिंग सीमचं आणि एक पुढे लॅमिनेटेड शिंगल आणि मागच्या खोलीला स्टँडिंग सीम असं, दोन्हींत जुनं काढणं आणि कुजलेलं प्लायवूड बदलण्याचा दर वेगळा लिहिलेला. आणखी एका कंत्राटदारालाही बोलवा. अ‍ॅडव्हान्स आत्ता देऊ नका, फोटो पाठवा, रविवारी आपण तिघं बसून फोनवर बघू, आणि आई, त्या दिवशी तू आधी बोलायचंस.

तुमची लेक