परतीच्या बंबाची बातमी कोण छापणार?

संपादक महोदय,

‘वायुवेगाने धावला बंब’ हा कालचा मथळा वाचून करमणूक झाली. आग कशी विझली याला दोन ओळी आणि लाल सिग्नलला ‘क्षणभरही न थांबता’ बंब गेला याला अर्धा रकाना!

हिशेब करा. आगीच्या वर्दीचे ठिकाण ३ किलोमीटरवर असेल तर ताशी ४० किलोमीटरने साडेचार मिनिटे लागतात, ६०ने तीन. वाचले दीड मिनिट, तेही रस्ता मोकळा असला तर. ब्रेक लागून थांबण्याचे अंतर मात्र सव्वादोन पट होते.

त्यात ४,५०० लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन पाणी. काठोकाठ भरलेली असली तर ते ओझे निदान जागचे हलत नाही. घात करते अर्धी टाकी. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला धावते, ब्रेक दाबला की पुढे आदळते आणि थांबत आलेल्या गाडीला पुन्हा ढकलते. टाकीत पाणी अडवायला बसवलेले पडदे हा हिसका कमी करतात, संपवत नाहीत. एखादा गंजून सुटला तर बाहेरून कळतही नाही. म्हणून परतताना टाकी पूर्ण भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करावी. वेग वळणाच्या आधी उतरवावा, वळणात शिरल्यावर नव्हे. पण परतीच्या बंबाची बातमी होत नाही ना!

लाल दिव्याला थांबून, आधी उजवीकडे आणि मग एकेक मार्गिका पाहूनच पुढे जायचे असते. २०१७च्या मोटार वाहन (चालन) विनियमांत आपत्कालीन वाहनांना लाल दिवा ओलांडायची सवलत आहे, पण तीही काळजी घेऊनच वापरायची आहे. चौकाआधी सायरनचा सूर बदलावा. दोन बंब एकामागोमाग असतील तर अंतर ठेवावे आणि सूर वेगळे ठेवावेत. नाहीतर पहिला गेला की लोक निर्धास्तपणे दुसऱ्यापुढे गाडी घालतात.

शेजारच्याच बातमीत रुग्णवाहिकाचालकाच्या वेगाचे कौतुक. मागे मिनिटाला १००-१२० वेळा छाती दाबणाऱ्याचे दोन्ही हात रुग्णावर असतात. करकचून ब्रेक लागला की त्याने कशाला धरायचे?

आणि हो, वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली १० हजारांचा दंड आहे, हे तुम्ही वरचेवर छापता. वाट देऊन लगेच रुग्णवाहिकेच्या शेपटीला चिकटणाऱ्यांवरही एकदा छापा. ती अचानक थांबली की मागच्या दारावर आदळतात ते हेच.

– अग्निशमन वाहनचालकांचा एक प्रशिक्षक