रानडुक्कर मारायची परवानगी देताना स्कोपही तपासा

संपादक महोदय,

कोकणातल्या रानडुकरांच्या बातम्या येतात तेव्हा सगळी चर्चा मारायची परवानगी द्यावी की नको एवढ्यावरच अडकते. शिकारबंदी पाहिजेच, पण शेताची नासधूस करणाऱ्या डुकराला मारायची लेखी परवानगी 1972 च्या वन्यजीव कायद्यातच कलम 11 खाली आहे, आणि ती मिळाल्यावर जनावर जागेवर पडलं पाहिजे, पोटात गोळी घेऊन जाळीत शिरून तडफडत मेलं तर ते पाप आहे असं मी मानतो. म्हणून रायफलवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीबद्दल, म्हणजे स्कोपबद्दल लिहितोय. आम्ही राहतो मुंबईत पण भात-नाचणी गावाला, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ठासणीच्या बंदुकीबद्दल बोलत नाहीये, तिची नळी आतून गुळगुळीत, तिला स्कोप लावून काय उपयोग. पण ज्यांच्याकडे 315 बोरची रायफल आहे ते मोबाईलवर बघून 6-24 झूमचा, म्हणजे 6 ते 24 पट मोठं दाखवणारा, मोठाच्या मोठा स्कोप मागवायचं म्हणतात. अहो, बांधावरून 50-60 मीटरच्या पुढे दिसतं कुठे? त्यात डुक्कर येतं तिन्हीसांजेनंतर. पुढच्या काचेच्या व्यासाला झूमने भागा, तेवढा प्रकाशाचा गोल डोळ्यात येतो, म्हणजे 3-9x40 चा (3 ते 9 पट झूम, पुढची काच 40 मिमी) स्कोप 9 वर ठेवला तर जेमतेम साडेचार मिमी आणि 6 वर ठेवला तर साडेसहा, आणि अंधारात आपली बाहुली 5 ते 7 मिमी उघडते, म्हणजे झूम वाढवला की चित्र काळं पडणारच. शिवाय जास्त झूमवर नुसते केस दिसतात, मागे पिल्लं आहेत की राखणीला बसलेला शेजारी आहे ते कळतच नाही. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच ना? म्हणून साधा 3-9 किंवा त्याहून कमी, 1-6 चा घ्यावा आणि खालच्या झूमवरच ठेवावा, आणि काय हलतंय ते बघायला बॅटरी नाहीतर दुर्बीण वापरावी, स्कोप कधीच नाही, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळी पण वळते.

एअरगनचा स्वस्त स्कोप रायफलवर चढवू नका, 315 च्या धक्क्याने आतली फुली सरकते आणि नेम गेलाय हे कळतं ते जनावर जखमी झाल्यावर. डोळा आणि काच यात 9 सेंमीच्या आसपास अंतर हवं, नाहीतर भुवई फुटते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झीरो करणं, म्हणजे फुली जिथे तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं. डुकराचं हृदय पुढच्या पायांच्या रेषेतच, छातीत बरंच खाली असतं, जागा वीतभर. नेहमीच्या स्कोपची चकती एक क्लिक फिरवली की नेम 100 मीटरवर साधारण 7 मिमी सरकतो, 50 वर त्याच्या निम्मा, आणि हे जी काडतुसं वापरणार त्यांनीच कागदावर मारून बघायला लागतं. आपल्याकडे हे शिकवणार कोण? रेंजवरच्या ऑलिम्पिक प्रकारांत स्कोप चालतच नाही, स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसचं ब्राँझ स्कोपशिवायच मिळवलं.

तेव्हा वनखात्याला विनंती आहे की परवानगीच्या कागदाबरोबर पोलिसांच्या फायरिंग रेंजवर एक दिवस द्या, 50 मीटरवर वीतभर गोलात सलग 3 गोळ्या बसल्या तरच सही करा, आणि हे भात पोटरीला यायच्या आधी करा, नंतर शेतकऱ्याला सवड नसते.

एक वाचक, लालबाग, मुंबई