उसात सापडलेलं पिल्लू कुणाचं, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोड सुरू झाली की आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातून ‘उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडले’ अशा बातम्या येऊ लागतात. पुष्कळ खऱ्या असतात. पण काहींच्या फोटोत सरळ सरळ वाघाटीची नाहीतर रानमांजराची पिल्लं दिसतात. मी ओतूरजवळ ऊस करते आणि आमच्या शिवारात ही तिन्ही जनावरं आहेत, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

वाघाटी ही मांजरकुळातल्या जगातल्या सर्वांत लहान जंगली जनावरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. तिचं पिल्लू जन्मताना १०० ग्रॅमही भरत नाही. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या घरात असतं आणि साधारण पहिला आठवडाभर त्याचे डोळे मिटलेले असतात. तेव्हा तळहातावर मावणारं पिल्लू टकमका बघत असेल, तर ते बिबट्याचं नव्हे. वाघाटीच्या कपाळावर डोळ्यांमधून वर गेलेल्या पांढऱ्या रेघा असतात आणि पाठीवरचे ठिपके ओळीने असतात. बिबट्याच्या पिल्लाचे ठिपके दाट आणि पंजे अंगाच्या मानाने थोराड. बाऊल, म्हणजे मोठं रानमांजर, त्याच्या पिल्लांवर पुसट पट्टे असतात, ते वाढत्या वयात नाहीसे होतात.

ओळख चुकली की पुढचं सगळंच चुकतं. फोटो गावभर फिरतो, बघ्यांची झुंबड उडते, तोड थांबते. तोडकऱ्यांच्या टोळीला मजुरी टनावर, त्यांचा दिवस बुडतो. माणसं हलत नाहीत तोवर पिल्लांची आई जवळ येत नाही. याहून भयंकर म्हणजे उलटी चूक. ‘मांजरच आहे’ म्हणून बिबट्याचं पिल्लू कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर नेलं, तर मादी ते शोधत येऊ शकते, आणि कोपीत लहान पोरं निजलेली असतात. शिवाय वाघाटी असली म्हणून घरी न्यायची मुभा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या आणि वाघाटी दोघंही पहिल्याच, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत.

पिल्लं जागची हलवू नयेत, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, अन् बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. वाघाटीही येते.

आपल्याला विनंती अशी, की वनपालांकडून खात्री झाल्याशिवाय फोटोखाली ‘बछडे’ छापू नये. आणि गाळप सुरू व्हायच्या आधी तिन्ही पिल्लांचे फोटो शेजारी शेजारी, १९२६ क्रमांकासह, एकदा छापावेत. कोपीच्या दाराला लावता येतील एवढे मोठे, कारण तोडकऱ्यांमध्ये अक्षरओळख नसलेले खूप आहेत. आणि कृपा करून रंगीत पानावर. काळ्या-पांढऱ्या छपाईत रानमांजराचे पुसट पट्टे दिसणारच नाहीत.

आपली,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
ओतूर परिसर, ता. जुन्नर, जि. पुणे